डोलकाठीवरचा डबा

अट घालताना जयवंतीच्या मनात खोट होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिची मुलगी ज्ञानदा एकटीने शिडाची होडी हाकत वसईहून डहाणूला जायचं म्हणत होती, आणि तिला तोंडावर ‘नाही’ म्हणायची जयवंतीची छाती नव्हती. नाही म्हटलं की ज्ञानदा सरळ डोळे मिटून घ्यायची. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलीने डोळे मिटले की संपलं. मग आईने खुणा करकरून हात मोडून घेतले तरी बोलायचं कोणाशी? भिंतीशी? म्हणून जयवंतीने दुसरी वाट धरली. ती हातांनी म्हणाली, “जा की! पण समुद्रात असशील तिथून मला फोनवर दिसली पाहिजेस. चेहरा, हात, सगळं स्वच्छ. अडकत-धडपडत नाही. जमत असेल तर जा.”

ज्ञानदाने लगेच आईच्या तळहातावर टाळी दिली. कबूल!

पोरीला वाटलं आई विरघळली. कुठली विरघळतेय! जयवंतीला पक्कं ठाऊक होतं की पाचूबंदरच्या धक्क्यावर उभं राहिलं तरी फोनला धाप लागते. खाडीचं तोंड ओलांडलं की व्हिडिओ कॉल मेलाच. बाकीच्यांचं काय, “हॅलो, हॅलो” ओरडून भागतं. मेसेज तर कुठूनही जातो. पण आई-मुलीचं सगळं बोलणं हातांचं आणि चेहऱ्याचं. चित्र मध्येच थिजलं की हात हवेत लटकतो, आणि ‘ये’ म्हणतेय की ‘वाचव’ म्हणतेय ते ब्रह्मदेवालासुद्धा कळायचं नाही. तेव्हा अट काही पुरी व्हायची नाही, मुलगी घरी राहील, आणि वाईटपणा समुद्राच्या माथी जाईल, असा जयवंतीचा हिशेब होता.

होडी पाचूबंदरच्या एडवर्डची. मासेमारीला त्याची इंजिनाची बोट होती, आणि ही लहान लाकडी होडी त्याच्या बापाची, नुसतीच पालथी पडलेली. ज्ञानदा मुंबईच्या एका क्लबात शीड हाकायला शिकली होती. तिने एडवर्डच्या मागे लागून ती होडी सुलटी करून घेतली, दोघांनी मिळून फटी भरल्या, नवं शीड चढवलं. तोच क्लब या हिवाळ्यात होड्या घेऊन वसईहून डहाणूला निघणार होता. एका होडीत एकच माणूस, दिवसा चालायचं आणि संध्याकाळी किनाऱ्याजवळ नांगर टाकायचा. ज्ञानदाचं नाव त्यात होतं आणि तिची झोप उडाली होती.

मग क्लबाचे सेक्रेटरी होड्या बघायला पाचूबंदरला आले. पांढरी टोपी, काळा चष्मा, तोंडात साखर. होडी बघून खूश झाले. ज्ञानदाला ऐकू येत नाही हे कळलं, तसे जयवंतीला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या प्रत्येक होडीत वायरलेस असतो. आम्ही हाक मारली की उत्तर आलं पाहिजे. आता अशा मुलीला ते कसं जमणार? आपण असं करू, तिला आमच्या लाँचवर बसवू. पाहुणी म्हणून. छान फोटो काढू.”

खरं म्हणजे जयवंतीने इथे त्या माणसाला हात जोडायला हवे होते. तिचंच काम तो फुकटात करत होता. पण ‘अशा मुलीला’ हे शब्द कानावर पडले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अशा म्हणजे कशा?” तिने विचारलं.

“म्हणजे, तसं नाही मॅडम...”

“तुम्हाला उत्तर हवंय ना? वायरलेसवर नाही देणार ती. फोनवर देईल. चित्रात! तुम्ही हाक मारायची, मी तिला विचारणार, ती सांगणार, मी तुम्हाला सांगणार. मग तर चालेल?”

“समुद्रात व्हिडिओ कॉल?” सेक्रेटरी हसले. “तिथे साधा कॉल लागत नाही हो. बरं, दाखवा. पुढच्या रविवारी मी येतो. कळंबच्या समोरपर्यंत जाऊन परत यायचं, मी विचारीन तेव्हा उत्तर द्यायचं. जमलं तर नाव राहील. नाहीतर लाँच आहेच.”

“लाँच तुम्हालाच लखलाभ,” जयवंती म्हणाली. हे अर्थात ते पाठमोरे झाल्यावर.

रिक्षात ज्ञानदाने आईचा दंड हलवला. ओठांवरून तिला बरंच कळलं होतं. “तुलाच तर मी जायला नको होते,” ती खुणांनी म्हणाली.

“नको म्हणायचा हक्क माझा आहे,” जयवंतीने पिशवी मांडीवरून खाली ठेवून दोन्ही हातांनी सांगितलं. “त्याचा नाही.”

घरी तिचा नवरा प्रल्हाद खुर्चीत पेपर वाचत बसला होता. या माणसाची जवानी केबलच्या धंद्यात गेली. वसईत गच्चीगच्चीवर त्याच्या डिशच्या छत्र्या असायच्या. आता गुडघे गेले, गच्ची चढवत नाही, पण वायरीचं नाव काढलं की माणूस ताठ होतो. जयवंतीने सगळं सांगितलं, तसा पेपर गेला कोपऱ्यात.

“त्यात काय आहे?” तो म्हणाला. “सिमकार्डाचा राऊटर घ्यायचा, त्याला बाहेरचा अँटेना जोडायचा, अँटेनाचं तोंड टॉवरकडे करायचं. फोनला नेट राऊटरमधून. आयुष्यभर दुसरं केलंय काय आपण?”

आणि खरंच केलं होतं. ज्ञानदा लहान असताना वाऱ्याने छत्री हलली की सगळं घर कामाला लागायचं. प्रल्हाद गच्चीवर छत्री फिरवणार, जयवंती आत टीव्हीसमोर बसणार, आणि चित्र आलं की गेलं हा निरोप वर पोचवायला बाल्कनीत ज्ञानदा. पोर भारी चपळ, बाल्कनीत लोंबायची. म्हणून जयवंतीने दम दिला होता की ग्रिलचे गज दोन्ही हातांनी धरायचे, हात सोडायचे नाहीत. आता हात बांधलेले म्हटल्यावर ती बोलणार कशी? पण पोरीने त्यावरही तोड काढली. तोंड वर करून गाल फुगवले की ‘आलं’. जीभ काढली की ‘गेलं’. नाक मुरडलं की ‘पडद्यावर मुंग्या’. वरून प्रल्हाद भुवया उडवून विचारायचा, खालून ती गाल फुगवायची, आणि दोघं हसायची.

दुसऱ्या दिवशी प्रल्हादने माशाच्या काट्यासारखा दिसणारा अँटेना पैदा केला. होडीच्या डोलकाठीला, म्हणजे शीड चढवायच्या उंच खांबाला, एडवर्डने तो बांधला. प्रल्हाद माशांच्या लिलावाच्या शेडखाली खुर्ची टाकून बसला आणि तिथूनच हुकूम सोडू लागला. काट्याचं तोंड गावातल्या टॉवरकडे झालं. ज्ञानदाने सुकाणूजवळ फोन अडकवला. कॉल आला की तो आपोआप उचलला जाईल आणि दिवा लुकलुकेल अशी सोय तिने करून घेतली होती. धक्क्यावरून जयवंतीने फोन लावला. असं चित्र आलं, असं चित्र आलं म्हणता! ज्ञानदाच्या नाकावरचा तीळ दिसत होता.

“बघ!” प्रल्हाद ओरडला. “हात लावीन तिथे चित्र!”

ज्ञानदाने दोरी सोडली. होडी निघाली, शीड फुगलं. खाडीच्या तोंडापर्यंत सगळं झकास. तिथे वारा धरायला होडीने वळण घेतलं आणि फोनवर ज्ञानदा थिजली. तोंड अर्धवट उघडं, एक हात वर. जयवंतीने फोन हलवला, ठोकला, परत लावला. तोच वर गेलेला हात. दूर पाण्यावर शीड दिसत होतं, पण शिडावरून पोरीचं काय कळणार?  जयवंतीने धक्क्यावर उभ्या उभ्या होते नव्हते ते सगळे देव बोलावले. मग होडी पुन्हा फिरली आणि चित्र चालू झालं. ज्ञानदा आरामात चिक्की खात होती.

“मेली!” जयवंती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

परत आल्यावर प्रल्हाद डोक्याला हात लावून बसलेला दिसला. “अगं, गच्ची फिरत नाही,” तो म्हणाला. “होडी फिरते! होडी फिरली की काट्याचं तोंडही फिरलं, टॉवर राहिला पाठीमागे. एवढी वर्षं छत्र्या लावल्या, हे डोक्यातच आलं नाही.”

जयवंतीने त्या रात्री मनाशी विचार केला. आता गप्प राहिलं तर आपोआप सुटका होती. नवरा हरला, होडी फिरते, कोणाचा दोष नाही. पण डोळ्यांपुढे पांढरी टोपी आली आणि लाँचवर फोटोसाठी बसवलेली आपली पोर आली. सकाळी उठून तिनेच प्रल्हादला हलवलं. “ऊठ. चारी बाजूंनी पकडेल असा अँटेना नसतो का?”

असतो की. उभ्या दांडीचा, कुठूनही येईल ते घेणारा. त्याची ताकद कमी, म्हणून तो जितका उंच तितका बरा. शिवाय वर अँटेना आणि खाली राऊटर ठेवला तर मधली लांब वायरच अर्धं नेट खाऊन टाकते. तेव्हा राऊटरही वरच न्यायचा, डोलकाठीच्या टोकाला, आणि खालून फक्त बॅटरीची बारीक वायर. प्रल्हाद हे सांगत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची वर्षं झडत होती.

पण टोकाला एडवर्डचा क्रूस होता. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद दिलेल्या झावळीचा, दर वर्षी नवा विणून बांधलेला.

“नाय वहिनी,” एडवर्डने मान हलवली. “आमच्या घरची रीत हाय. क्रुसाच्या वर काय लागनार नाय. माझ्या बापाने कधी बावटा पन वर नाय चढवला.”

“वर नको, भाऊ,” जयवंती म्हणाली. “खालीच लावू. पण खाली शिडाची कप्पी आहे, जागा कुठाय?”

एडवर्डने वर बघितलं, प्रल्हादने वर बघितलं. जयवंतीनेही बघितलं, आणि तिची नजर धक्क्यावर मासे वाळत घालायला उभ्या केलेल्या बांबूंवर गेली. “क्रूसच आणखी उंच नेला तर? बांबू बांधून? तुमचा देवही वर जाईल आणि त्याच्या खाली आमची जागाही होईल.”

एडवर्ड हसायलाच लागला. “देवाला उंच न्यायला कोन नाय बोलनार?”

बांबू चढला. क्रूस गेला टोकाला. राहिला डबा. समुद्राचं पाणी उडणार, राऊटर भिजता कामा नये, आणि हे खातं जयवंतीने स्वतःकडे घेतलं. तिने लाडवांचा स्टीलचा डबा काढला. झाकण असं घट्ट की सणाला उघडायला दोन माणसं लागायची. तळाला सुताराकडून भोक पाडून घेतलं, राऊटर आत बसवला, झाकण ठोकलं. मोठ्या अभिमानाने तो डबा वर गेला, आणि नेट साफ गायब. धक्क्याला बांधलेल्या होडीतसुद्धा सिग्नलची एक रेघ येईना.

प्रल्हाद लंगडत शेडखालून आला, त्याने वर बघितलं आणि कपाळ बडवलं. “अगं बाई, स्टील! स्टीलच्या डब्यात कोंडल्यावर ते बिचारं बाहेर येणार कुठून?”

“मग आधी नाही का सांगायचं?”

“तू डबा पिशवीतून दाखवलास कुठे?”

ज्ञानदाला हे भांडण ऐकू येत नव्हतं तरी सगळं कळत होतं, आणि ती होडीत लोळून हसत होती. जयवंती तणतणत घरी गेली. इडलीचं पीठ ठेवायचा प्लास्टिकचा डबा होता, चारी बाजूंनी कड्या लागणारा. पीठ पातेल्यात ओतलं, डबा घासला, पुसला, उन्हात ठेवला. वायरीचं भोक तळाला ठेवलं, म्हणजे पाणी उतरून आत जायला नको, आणि सिलिकॉनने बुजवलं. एडवर्डने डबा बांबूला बांधला. क्रुसाखाली निळ्या झाकणाचा इडलीचा डबा, असं ते थाटात उभं राहिलं. फोनवर रेघा आल्या. सगळ्या.

रविवारी सेक्रेटरी वेळेवर आले. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, “ते काय आहे?”

“आमचा टॉवर,” जयवंती म्हणाली.

ज्ञानदा निघाली. लिलाव चालू होता, कोळणींचा गलका टिपेला पोचला होता, आणि प्रल्हाद लांब शेडखाली खुर्चीत मान उंच करून बसला होता. होडी खाडीच्या तोंडाशी गेली, वळली. चित्र जागचं हललं नाही. आणखी पुढे गेली, उत्तरेला वळली, शीड बोटाएवढं झालं. चित्र तसंच. ज्ञानदाच्या मागे कळंबच्या बाजूची सुरूची झाडं दिसत होती. तिचे केस उडत होते. एक हात सुकाणूवर, एक हात शिडाच्या दोरीवर. जयवंतीने मान ताठ करून फोन सेक्रेटरींच्या नाकासमोर धरला. त्यांनी चष्मा काढला.

“कमाल आहे,” ते म्हणाले. “बरं, आता विचारा. वारा कसा आहे, होडी ठीक आहे ना?”

जयवंतीने फोन कठड्यावर टेकवला आणि दोन्ही हातांनी विचारलं. ज्ञानदाने पाहिलं. उत्तर द्यायला तिने दोरीचा हात सोडला.

आणि त्याच क्षणी वारा आला. चित्र स्वच्छ होतं, अगदी स्वच्छ, म्हणून जयवंतीला सगळं दिसलं. दोरी सापासारखी सळसळत सुटली, शीड फडफडलं, होडीची एक कड खाली गेली आणि पाण्याचा फटकारा ज्ञानदाच्या तोंडावर बसला. पोर सुकाणूला लटकली.

“धर!” जयवंती ओरडली. कोणासाठी ओरडली? मुलीला ऐकू येत नाही हे आयुष्यात पहिल्यांदाच ती विसरली. मग हातांनी, मुठी आवळून, पुन्हा पुन्हा: “दोरी धर! हात सोडू नकोस!”

ज्ञानदाने झेप घालून दोरी पकडली, अंग मागे टाकलं. होडी सरळ झाली. तिचे दोन्ही हात पुन्हा गुंतले. ती आईकडे बघत राहिली.

जयवंतीने मुठी सोडल्या. इतके दिवस जीव टाकून जे मिळवलं ते हे होतं तर! मुलगी दिसावी म्हणून एवढी धडपड केली, आणि मुलीने बोलायचं म्हणजे तिने दोरी सोडायची. ही अट आपण घातली होती. आपणच!

“उत्तर काही आलं नाही,” सेक्रेटरी म्हणाले. आवाज मऊ होता, पण म्हणाले. “बघा मॅडम, मी म्हणत होतो ना, तिला...”

“थांबा,” जयवंती म्हणाली.

तिने फोन उचलून चेहऱ्यासमोर धरला. हात वर केले नाहीत. गच्चीच्या कठड्यावरून प्रल्हाद विचारायचा तशा तिने नुसत्या भुवया उडवल्या. काय गं? आलं?

ज्ञानदा क्षणभर बघतच राहिली. मग तिच्या ओल्या, खारट चेहऱ्यावर काहीतरी हललं. दोन्ही हात जागचे न सोडता तिने हनुवटी वर केली आणि गाल फुगवले. टम्म! पाच वर्षांची असताना फुगवायची तसेच.

जयवंतीने फोन सेक्रेटरींनाही दिसेल असा तिरका धरला. 

“उत्तर आलं,” ती म्हणाली. “सगळं ठीक आहे, म्हणाली. तुम्ही विचारा अजून काय विचारायचं ते. हो, नाही, ठीक नाही, सगळं सांगेल. हात न सोडता.”

सेक्रेटरींनी विचारलं, जयवंतीने एका हाताने खुणा करून ते पोरीला पोचवलं. वाऱ्याचा जोर फार आहे का? ज्ञानदाने नाक मुरडलं. थोडा आहे, पण झेपतोय. परत बोलवायचं का? पोरीने जीभ काढली. ही जीभ खुणेची होती की सेक्रेटरींसाठी होती हे जयवंतीने त्यांना सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली, “नाही म्हणतेय.”

“हे नियमात बसतं का ते बघावं लागेल,” सेक्रेटरी डोकं खाजवत म्हणाले. मग पुन्हा फोनकडे बघून हसले. “बसवतो. तिचं नाव राहील. पण मॅडम, वाटेत दर तासाला असा कॉल...”

“एकही नाही,” जयवंती म्हणाली. “होडी चालू असताना तिला कोणी फोन करायचा नाही. तुम्ही नाही, मी नाही. तुम्हाला अगदीच गरज पडली तर मला सांगा, मी भुवया उडवीन.”

तिने फोन पुन्हा कठड्यावर ठेवला आणि सावकाश, एकेक खूण सुटी करून सांगितलं: “मी बंद करते. तू समोर बघ. डहाणूला जाशील तेव्हा रोज संध्याकाळी, नांगर टाकलास की, मग लाव. मग पोटभर बोलू.”

ज्ञानदाने मान हलवली. मग तिने खरंच समोर बघितलं. आईकडची नजर काढून वाऱ्याकडे लावली. जयवंतीने तो चेहरा बघून घेतला, आणि इतक्या मेहनतीने आणलेलं ते लख्ख चित्र आपल्याच अंगठ्याने बंद केलं.

आता पाण्यावर बोटाएवढं शीड तेवढं उरलं होतं. तिने दोन्ही हातांनी धक्क्याचा कठडा घट्ट धरला.

“अगं!” शेडखालून प्रल्हाद ओरडत होता. लिलावाच्या गलक्यात त्याचे शब्द वाहून जात होते. तो खुर्चीतून अर्धा उठला होता, मान लांब करून भुवया उडवत होता. “अगं, आलं का?”

जयवंती वळली. हात कठड्यावरून सुटेनात. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही सुटेनात.

तिने हनुवटी वर केली आणि गाल फुगवले.